वणव्यानंतरच्या जंगलात कामाला येताय? आधी हे वाचा

फेलोशिपचं पत्र हातात पडलं तेव्हा माझ्या डोक्यात एकच चित्र होतं: काळंठिक्कर पडलेलं रान आणि त्यात आम्ही ओळीनं रोपं लावतोय. पुढं गडचिरोलीच्या उत्तरेकडच्या एका गावात दोन वर्षं काढली. त्यात रोपं लावायचं काम जेमतेम पंधरा दिवसांचं निघालं. बाकीचा वेळ मोजण्यात, राखण्यात, सभेला बसण्यात आणि पावसाची वाट बघण्यात गेला. हे कुणी आधी सांगितलं असतं तर माझं पहिलं वर्ष फुकट गेलं नसतं. चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्यात जाणाऱ्यांना यातलं बहुतेक सगळं लागू पडेल. मेळघाटात माणसं, बोली आणि डोंगरउतार वेगळे, तिथं तारतम्यानं घ्या.

सुरुवातीलाच एक समजून घ्या. टीव्हीवर परदेशातले वणवे दिसतात, झाडांचे शेंडे पेटलेले असतात. आपलं रान पानगळीचं आहे. इथली आग जमिनीवरून सरकते, पालापाचोळा आणि गवत खात जाते. साग, ऐन, धावडा, बिजा यांची मोठी झाडं बहुतेक उभी राहतात. जातं ते खालचं: बी, कोवळी रोपं, पाल्याचा थर. दरवर्षी आग लागणाऱ्या तुकड्यात उभं राहून बघा, आजे-पणजे दिसतील, नातवंडं दिसणार नाहीत.

१. निघण्याआधी कागद गोळा करा

- फेलोशिपचं नेमणूकपत्र, आणि संस्थेचं वेगळं ओळखपत्र. दोन्हीच्या दहा-दहा झेरॉक्स.
- उपवनसंरक्षकांच्या नावानं अर्ज. त्यात गाव, वनपरिक्षेत्र (रेंज), नियतक्षेत्र (एका वनरक्षकाकडचा भाग, बीट) आणि कक्ष क्रमांक लिहिलेला हवा. नुसतं ‘अमुक तालुक्यातील जंगल’ लिहिलंत तर अर्ज परत येतो. माझा दोनदा आला.
- आधार, पासपोर्ट आकाराचे फोटो, गाडीची कागदपत्रं.
- अभयारण्य किंवा व्याघ्र प्रकल्पात काम असेल तर वन्यजीव विभागाची स्वतंत्र परवानगी. प्रादेशिक विभागाचं पत्र तिथं चालत नाही.
- ग्रामसभेचा ठराव. हा गावात गेल्यावरच मिळतो, त्याबद्दल खाली.

गडचिरोलीत राहणार असाल तर जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन स्वतःहून माहिती द्या. ड्रोन घेऊन जायचा मोह होतो. परवानगी हातात येईस्तोवर तो घरीच राहू द्या.

२. भेटीगाठी: कुणाला आधी, कुणाला नंतर

वरून खाली अशी उतरंड आहे: उपवनसंरक्षक, सहायक वनसंरक्षक, वनपरिक्षेत्र अधिकारी म्हणजे सगळे ज्यांना आरएफओ म्हणतात ते, मग क्षेत्र सहायक आणि शेवटी वनरक्षक. पत्र वरून फिरत येतं, पण तुमचं काम होतं ते वनरक्षकाच्या मर्जीनं. कुठल्या नाल्याला उन्हाळ्यात पाणी असतं, कुठली पायवाट अस्वलाची आहे, मागच्या तीन वर्षांत कुठं कुठं आग लागली, हे त्याच्या तोंडपाठ असतं. त्याला गार्ड म्हणून हाक मारू नका. ‘साहेब’ नाहीतर ‘भाऊ’ म्हणा.

दुसरी बाजू ग्रामसभेची. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गावाला सामूहिक वनहक्क मिळू शकतो, आणि तो मिळाला की त्या जंगलाचं राखण, व्यवस्थापन हा गावाचा अधिकार होतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर असा हक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. पूर्व विदर्भात आता अशी पुष्कळ गावं आहेत. तुम्ही जाणार ते जंगल वनविभागाच्या ताब्यात आहे, वनविकास महामंडळाकडं आहे की गावाच्या हक्कात आहे, हे पहिल्या आठवड्यात कळून घ्या. मी ते तिसऱ्या महिन्यात विचारलं. तोवर ज्या तुकड्यात मी खुणा करत फिरत होते, तो शेजारच्या गावाचा निघाला. त्यांच्या सभेत मला उभं करून विचारलं, “कोनाले विचारून आल्या जी मॅडम?” माझ्याकडं उत्तर नव्हतं.

सभेला बोलावतील तेव्हा जा, नुसतं बसा, चहा घ्या. पहिल्या सभेत ठराव मागू नका. ठराव मिळाला की त्याची सही-शिक्क्याची प्रत जवळ ठेवा.

३. जळालेला भाग नकाशावर आणा, पण नकाशावर विसंबू नका

देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून आगीच्या सूचना मोबाइलवर येतात. नाव नोंदवून टाका, फुकट आहे. मात्र सूचनेतला बिंदू म्हणजे आगीची नेमकी जागा नव्हे. एका उपग्रह-यंत्राचा एक ठिपका ३७५ मीटरचा असतो, दुसऱ्याचा तब्बल एक किलोमीटरचा. त्यामुळं धुऱ्यावरचा म्हणजे शेताच्या बांधावरचा कचरा पेटवला तरी जंगलात आग दिसू शकते, आणि झाडाखालून गेलेली बारकी आग साफ सुटून जाते.

सेंटिनेल-२ या उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, साधारण दर पाच दिवसांनी नवी. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये आगीच्या आधीचं आणि नंतरचं चित्र ताडून जळालेला भाग काढता येतो. इथं हमखास फसगत होते. सागाचं रान फेब्रुवारी-मार्चमध्ये तसंही पानं टाकतं. जानेवारीचं चित्र एप्रिलच्या चित्राशी ताडलंत तर अर्धा जिल्हा जळालेला दिसेल. मागच्या वर्षीची तीच तारीख घ्या. मग वनरक्षकाला किंवा गावातल्या जाणत्याला सोबत घेऊन हद्द पायी फिरा. माझ्या पहिल्या नकाशातला जवळजवळ तिसरा हिस्सा या फेरीत खोडला गेला.

४. झाड मेलंय का, ते नखाला विचारा

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी पहिल्यांदा जळालेल्या तुकड्यात शिरले. पायाखाली राख चुरचुरत होती, बुंधे गुडघ्यापर्यंत काळे, वर एक पान नाही. मी वहीत लिहिलं: ‘मृत, मृत, मृत.’ सोबत गावातले एक म्हातारे मामा होते. त्यांनी वही बघितली नाही, मी काय बोलतेय तेवढं ऐकलं. मग एका धावड्याच्या कोवळ्या बुंध्याला नख लावलं आणि काळी साल चिमूटभर खरवडली. आत हिरवी ओली रेघ. “मेला नाई जी तो. पान झडून हाय फक्त.” पुढचं झाड, तीच रेघ. तिसरं खरवडलं तर तपकिरी, कोरडं, भुसा होऊन खाली पडलं. “हा गेला. पन मुळातून येते का नाई, ते पान्यात पाहा.”

पद्धत तीच आहे. मोठ्या झाडाला छातीच्या उंचीवर, लहानाला बुंध्याशी, साल नखाएवढीच खरवडा. हिरवं-ओलं म्हणजे जिवंत. तपकिरी-कोरडं असेल तर दुसऱ्या बाजूनं बघा, कारण वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला आग जास्त वेळ रेंगाळते आणि झाड एकाच अंगानं भाजतं. दोन्हीकडून कोरडं असेल तरी ‘वरून मृत’ एवढंच लिहा. मुळाचा निकाल पावसाळा लावतो. साग, तेंदू, पळस, धावडा यांची मुळं चिवट असतात, वरचं सगळं जळालं तरी बुडातून फुटवे येतात. बांबूचंही तसंच, कंद जमिनीखाली शाबूत असतो.

काळा झालेला पण उभा ओंडका तोडायला सांगू नका. त्याच्या ढोलीत पिंगळे, पोपट, खारी राहतात. आणि वाळलेलं लाकूड उचलायचं की नाही, याचे नियम जागेनुसार वेगळे आहेत, त्या भानगडीत पडू नका.

५. चौकटी आखा, फुटवे मोजा

लागणारं सामान: ३० मीटरचा टेप, दर मीटरला गाठ मारलेली नायलॉनची दोरी, खुणेसाठी गेरू किंवा ऑइलपेंट, लाकडी खुंट्या, जीपीएस चालणारा फोन आणि त्याला पॉवर बँक, कागदी वही, पेन्सिल. पेन नको, घामानं आणि पावसानं शाई पसरते.

जळालेल्या तुकड्यात १० बाय १० मीटरच्या चौकटी आखा. एका हेक्टरात अशा शंभर बसतात. तेवढ्याच आकाराच्या काही चौकटी न जळालेल्या शेजारच्या रानातही हव्यात, नाहीतर तुलना कशाशी करणार? चांगला दिसणारा कोपरा निवडायचा मोह टाळा, नकाशावर चिठ्ठ्या टाकून जागा ठरवा. चारी खुंट्या बुडाशी रंगवा, कारण गुराखी उभ्या खुंट्या उपटून नेतात आणि मग जमिनीतला तुकडाच खूण म्हणून उरतो.

पहिली मोजणी पावसाआधी, दुसरी ऑगस्टच्या शेवटी, तिसरी थंडीत. दरवेळी तीन रकाने: जातीचं नाव, उंची, आणि फुटवा की बीजरोप. हा शेवटचा रकाना भरताना सगळे चुकतात. बुडाशी बोटभर माती हलक्या हातानं बाजूला करा. जाड, गाठाळ मूळ लागलं तर तो जुन्या मुळावरचा फुटवा. काडीसारखं बारीक सरळ मूळ असेल तर ते बियापासून आलंय. बीजरोपांचा आकडा शून्याच्या आसपास असेल तर तिथं दरवर्षी आग लागतेय, असं खुशाल समजा.

झाडांची नावं गावाकडून शिका आणि वहीत गावाचंच नाव लिहा, शास्त्रीय नाव संध्याकाळी. बाकी महाराष्ट्रात जिला घाणेरी म्हणतात ती इथं रायमुनिया. ती आणि रानतुळस यांच्यासाठी वेगळा रकाना ठेवा. आगीनं मोकळ्या केलेल्या जागेवर पहिला हक्क या दोघी सांगतात.

आमच्या चमूचं ढोबळ माप असं होतं: चौकटीमागं गुडघ्याच्या वरचे आठ-दहा फुटवे किंवा रोपं असतील तर तिथं काही लावायचं नाही, नुसतं राखायचं. कायद्यातला आकडा नाही हा, पण दोन वर्षं त्यानं आम्हाला दगा दिला नाही.

६. पहिल्या पावसाआधी माती धरा

जळालेल्या उतारावरची राख आणि वरची माती पहिल्या दोन-तीन मोठ्या सरींत नाल्यात जाते. अर्धवट जळालेल्या फांद्या उताराला आडव्या, जमिनीला टेकवून लावा, मागं दगड द्या. घळीत अनगड दगडांचे छोटे बांध. एवढं पुरे. आयते फुटवे असलेल्या ठिकाणी सलग समतल चर म्हणजे उताराला आडवे लांब चर खणू नका, टिकासानं मुळं तुटतात.

आता मजुरांची गोष्ट. हे काम मे महिन्यात करायचं असं तुम्ही नियोजनात लिहाल, आणि मे महिन्यात गावात माणूस सापडणार नाही. तेव्हा तेंदूपानं तोडायचा हंगाम असतो, बिड्यांसाठी. पहाटे चारला घरं रिकामी होतात, दुपारी अंगणात बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधले जातात, संध्याकाळी फळीवर म्हणजे पानं गोळा करायच्या जागी मोजणी. पंधरा दिवसांत वर्षाचा मोठा पैसा येतो, तुमच्या बांधासाठी तो कोण सोडेल? एकतर एप्रिलच्या सुरुवातीला उरका, नाहीतर तेंदू संपल्यावर पावसाआधीचे आठ-दहा दिवस पकडा. मजुरी कुठून, कधी आणि कुणाच्या खात्यात येणार, हे काम सुरू व्हायच्या आधी सभेत सांगा. माझ्या एका कामाची मजुरी चार महिने लटकली होती. तेवढे दिवस मी दुकानाच्या रस्त्यानं जात नव्हते.

७. लावायचंच असेल तर

फुटवे नसलेल्या मोकळ्या जागीच लावा. सागाची रोपं घेऊ नका, तो आपला आपण येतो. जे येत नाही ते लावा: मोह, चारोळी, बिजा, आवळा, बेहडा, कुसुम. चारोळीची फळं सगळी वेचली जातात, त्यामुळं बी जमिनीवर पडतच नाही. शिवाय तिचं कवच कठीण, पेरण्याआधी हलकेच तडकवावं लागतं. मोहाच्या बियांचं उलटं आहे. टोळी म्हणजे मोहाचं फळ पिकून पडलं की ताजं बी लगेच पेरायचं, ठेवलं की उगवण जाते. आवळा-बेहड्याची फळं थंडीत गोळा करा.

सीडबॉलचा, म्हणजे मातीच्या गोळ्यात बी घालून टाकायचा बेत कुणी सुचवलाच तर शाळेतल्या मुलांसोबत एक दुपार मजेत घालवा, अहवालात त्याचा आकडा लिहू नका. उघड्यावर पडलेले गोळे उंदीर, मुंग्या आणि ऊन संपवतात.

माझी चूक सांगते. जूनच्या मध्यावर पहिली जोरदार सर आली, माती दरवळली आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही चारशे रोपं लावून मोकळे झालो. मग पावसानं सतरा दिवस दडी मारली. खड्डा वरून ओला होता, वीतभर खाली फुफाटा. वाचली ती नाल्याकाठची चाळीसेक. आता मी हात खुपसून बघते. कोपरापर्यंत ओल लागल्याशिवाय रोप गाडीतून उतरवत नाही. तोवर जुलै उजाडला तरी चालेल.

रोप निवडताना वरच्या पानांना भुलू नका, पिशवीचं बूड बघा. मूळ गोल गुंडाळलेलं असेल तर परत करा. लावण्याआधी दोनेक आठवडे पाणी कमी करून उन्हात ठेवलेलं रोप जास्त टिकतं. ३० सेंटिमीटरचा खड्डा लहान रोपाला पुरतो, मोठ्याला ४५ चा. आणि पिशवी ब्लेडनं कापून काढायची, गावी परत न्यायची. एका संध्याकाळी पिशव्या मोजल्या तर लावलेल्या रोपांपेक्षा साठ कमी भरल्या. दुसऱ्या दिवशी साठ खड्डे उकरले.

८. गुरं, शेळ्या आणि वास्ते

आगीनंतरचा लुसलुशीत फुटवा शेळीला आवडतोच. काटेरी तारेवर पैसे घालवू नका. गावाशी बोलून दोन-तीन पावसाळ्यांपुरता तो तुकडा चराईला बंद आणि त्याबदल्यात दुसरा मोकळा, असं ठरवा. चरायला जागा दाखवली नाही तर बंदी आठवडाभरही टिकत नाही. वास्त्यांचंही असंच. पावसाळ्यात बांबूचे कोंब म्हणजे वास्ते खुडून भाजी करतात, चवीला झकास असतात. जळालेल्या बेटातले पहिल्या वर्षी सोडा, एवढंच मागा.

९. आग लागली का, ते विचारा. कुणी लावली, ते विचारू नका

मोहफुलं मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. पाल्यात फूल दिसत नाही, म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि ती आग विझवायची राहून जाते. तेंदूला नवी पानं जोमानं यावीत म्हणून आग लावतात. गवत लवकर फुटावं म्हणून लावतात. कधी बिडीचं थोटूक, कधी धुऱ्यावरची आग वाऱ्यानं आत. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे, त्यामुळं ‘कुणी’ हा शब्द तोंडातून निघाला की सभा गप्प होते आणि तुम्ही विभागाचा माणूस ठरता.

मोहाच्या झाडाखाली फूल वेचणाऱ्या बायांसोबत बसा. आमच्याकडं एका काकूंनी सांगितलं, पाला झाडून गोळा करायला एका झाडाला अर्धा तास लागतो आणि त्यांची झाडं अकरा. तिथंच प्रश्न कळतो. आम्ही काही घरांना झाडाखाली पसरायला जाळ्या दिल्या, काहींनी जुनी लुगडी जोडून पसरली. फूल स्वच्छ मिळालं, भाव थोडा बरा आला, पुढच्या वर्षी आणखी घरं आली. तेंदूचा पेच मोठा आहे, कारण त्यात ठेकेदार आणि गावाचं उत्पन्न दोन्ही गुंतलंय. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावनं सामूहिक हक्क मिळाल्यावर तेंदू तोडणंच बंद केलं आणि बांबूवर भर दिला. प्रत्येक गावाला ते झेपेल असं नाही, आणि तो सल्ला फेलोनं द्यायचा नसतो.

१०. १५ फेब्रुवारीची तयारी

राज्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतात. तुमचे सगळे फुटवे याच चार महिन्यांत जातात किंवा राहतात. जाळरेषा म्हणजे आग अडवायचे मोकळे पट्टे त्याआधी साफ हवेत, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत काम सुरू. आम्ही तुकड्याभोवतीची रेषा झाडून काढली, बुडातले फुटवे दाट होते तिथं एक-दोन जोमदार ठेवून बाकीचे विळ्यानं काढले, आणि तो पाला रेषेच्या बाहेर नेऊन टाकला. आत ढीग ठेवलात तर आगीला सरपण आयतं मिळतं.

हंगामात विभाग आगीवर लक्ष ठेवायला रोजंदारीवर माणसं घेतो, त्यांना अंगारी म्हणतात. त्यांच्याशी ओळख ठेवा, फोन नंबर भिंतीवर लिहा. पण आग विझवायला स्वतः धावू नका. २०२१ च्या एप्रिलमध्ये नागझिऱ्याच्या वणव्यात तीन हंगामी मजुरांचा जीव गेला, आणि ती माणसं रानात मुरलेली होती. तुमचं काम खबर देणं, पाणी पोचवणं, गाडी तयार ठेवणं. जावंच लागलं तर सुती कपडे, बंद बूट, डोक्याला ओला दुपट्टा. उताराच्या वरच्या बाजूला कधीही थांबायचं नाही, आग चढावर धावते.

बाकीच्या दिवसांसाठी: मोहाच्या हंगामात पहाटे एकट्यानं रानात जाऊ नका, अस्वलालाही मोहफुलं आवडतात. उन्हाळ्यात काम सकाळी दहापर्यंत, मग चारनंतर. पावसाळ्यात मच्छरदाणीशिवाय झोपू नका. ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या, ‘उद्या बघू’ म्हणत मी पाच दिवस मलेरिया अंगावर काढला होता.

निघताना चौकटींची वही, खुंट्यांची ठिकाणं आणि नकाशा यांच्या तीन प्रती करा: एक वनपरिक्षेत्र कार्यालयात, एक तुमच्या संस्थेत, एक ग्रामसभेच्या कपाटात. तिसरी मराठीत, मोठ्या अक्षरात, झाडांची गावाकडची नावं घालून लिहा. माझ्या जागी आलेल्या मुलाला पहिल्या दोन सापडल्या नाहीत. तो कपाटातली वही घेऊन रानात गेला.